खोडद लिहू न शकणारा कळफलक

हातात मावेल असा संगणक घरी बांधणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. ६५ मिलिमीटर लांब आणि ३० मिलिमीटर रुंद असा ‘रास्पबेरी पाय झीरो’, एक लहान पडदा, बॅटरी आणि जुन्या ब्लॅकबेरी फोनमधून काढलेला चिमुकला कळफलक एवढ्या सामग्रीवर जगभरचे हौशी लोक अशी यंत्रे जुळवीत असतात. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात विज्ञान दिनानिमित्त भरणाऱ्या प्रदर्शनात शाळा-महाविद्यालयांतील मुले आपापली उपकरणे मांडतात. त्यांतल्या कुणी उद्या असा संगणक मांडला तर नवल वाटू नये. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. त्या यंत्रावर मराठी कशी लिहिणार?

‘इन्स्क्रिप्ट’ वापरावे, हे सरळ उत्तर. १९९१च्या भारतीय मानकात स्थान मिळालेली ही रचना खरोखर विचारपूर्वक केलेली आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. ‘क’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’. मात्र ती मोठ्या कळफलकासाठी रचली आहे. देवनागरी वर्ण इंग्रजीच्या २६ अक्षरकळींत मावत नाहीत म्हणून काही वर्ण शेजारच्या विरामचिन्हांच्या कळींवर गेले. ‘च’ अर्धविरामावर, ‘ट’ अवतरणचिन्हावर, ‘ड’ चौकटी कंसावर आणि ‘य’ तिरप्या रेघेवर. चिमुकल्या कळफलकावर या कळी नसतात.

परिणाम गावांच्या नावांवरच पाहावा. जुन्नर लिहिता येते, शिवनेरी, ओतूर आणि आंबेगावही. खोडद येत नाही, कारण ‘ड’ नाही; त्याच कारणाने घोडेगाव आणि डिंभे नाही. मंचर ‘च’वर अडते, नारायणगाव आणि लेण्याद्री ‘य’वर, नाणेघाट ‘ट’वर. षष्ठीचे ‘चा-ची-चे’ गेले आणि ‘च्या’ तर दोन्ही अंगांनी गेला. (हिंदीचे ‘का-की-के’ तेवढे शाबूत राहतात!) आल्टसारखी आणखी एखादी कळ दाबून हे वर्ण मिळवता येतील हे खरे. पण ज्या भाषेत दर दोन-तीन शब्दांआड ‘च’ येतो, तिला तो चोरवाटेने आणायला लावणे ही सोय म्हणता येत नाही.

यंत्राला जमत नाही म्हणून लिपीने वाकावे, ही मागणी आपल्याकडे जुनी आहे. सावरकरांच्या लिपिसुधारणेतील ‘अि’, ‘अु’, ‘अे’ या रूपांमागे छपाईचे खिळे कमी करण्याचा हिशेब होताच. त्या काळी तो समजण्यासारखा होता. टंकयंत्र कारखान्यात तयार होई आणि लिहिणाऱ्याच्या हाती त्यातले काही नसे. घरी बांधलेल्या संगणकाला ही सबब उरत नाही. तेथे कळी किती आणि कोणत्या, हे बांधणाराच ठरवतो. ते स्वातंत्र्य हाती असताना परक्या फोनचा कळफलक जसाच्या तसा उचलणे मला आळसाचे वाटते.

खोडदच्या दुर्बिणीचेच पाहा. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर वजन, वाऱ्याचा रेटा आणि खर्च, तिन्ही आवाक्याबाहेर गेले असते. मीटर तरंगलांबीला भरीव पृष्ठभाग लागतच नाही, हे ध्यानात घेऊन गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारेची जाळी दोरांच्या सांगाड्यावर ताणली. कामाची गरज आधी पाहिली, आकार मागून आला.

हाच क्रम कळफलकाला लावून पाहू. वर्गीय व्यंजनांतील अल्पप्राण दहा: क ग, च ज, ट ड, त द, प ब. त्यांचे महाप्राण जोडीदार एकाच स्वतंत्र महाप्राण-कळीने मिळावेत. अनुनासिके ण, न, म. पुढे य, र, ल, व, ळ आणि श, स, ह. ही झाली २१ व्यंजने. मात्रांसाठी ा, ि, ु, े, ो, हलन्त आणि अनुस्वार अशा सात; दीर्घ रूपे, ‘ष’, ‘अ’ आणि ‘ॲ’ची चंद्रखूण दुसऱ्या थरात. महाप्राण, थर, अंक, पूर्णविराम, अंतर, खोड आणि नवी ओळ मिळून आणखी सात. एकूण ३५ कळी. पाच आडव्या व सात उभ्या तारांच्या जाळीत त्या बसतात, म्हणजे नियंत्रकाच्या १२ टाचण्या पुरतात. ‘रास्पबेरी पाय पिको’वर अशा २६ आहेत. महाप्राण-कळ दुसऱ्या कळीबरोबर दाबायची असल्याने प्रत्येक कळीला डायोड मात्र हवा, नाहीतर न दाबलेल्या कळीही उमटतात. शब्दारंभी किंवा दुसऱ्या मात्रेनंतर दाबलेली मात्रा आपोआप पूर्ण स्वर व्हावी, एवढे आज्ञावलीत घालावे. ‘सई’, ‘मऊ’ अशा शब्दांत हा नियम फसतो. तेथे मध्ये ‘अ’ दाबून वाट काढावी लागेल.

व्यंजन मूळ आणि स्वर त्याला जोडलेली खूण, ही रीत नाणेघाटातल्या सातवाहनकालीन ब्राह्मी लेखातही दिसते. यंत्राला सांगायचे आहे ते एवढेच.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय. ‘गमभन’ आणि ‘बरहा’ यांनी आंतरजालावर मराठी रुजवली, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण त्या पद्धतीने ‘घोडेगाव’ लिहायला शिफ्ट धरून दहा कळी लागतात, वरच्या रचनेत आठ. अंगठ्यांनी टंकन करताना हा फरक जाणवतो. शिवाय ‘ट’ आणि ‘त’, ‘ण’ आणि ‘न’ हे वेगळे वर्ण आहेत, एकाच अक्षराची लहान-मोठी रूपे नव्हेत.

कळींचा क्रम वर्णमालेचा ठेवावा की वापराच्या वारंवारितेचा, यावर वाद होऊ शकतो. वारंवारितेने वेग वाढेल. पण बाराखडी येणाऱ्या कुणालाही पहिल्याच दिवशी अक्षर सापडावे म्हणून माझा कौल वर्णक्रमाला. आणि ‘ळ’ला स्वतःची कळ हवी. इन्स्क्रिप्टमध्ये तो ‘ल’च्या आडोशाला शिफ्टवर बसला आहे.