विश्लेषण : ‘मी आधीच सांगितलं होतं’ म्हणणाऱ्याचा अंदाज तपासायचा कसा?

कुस्ती असो, कबड्डी असो की मिक्स्ड मार्शल आर्ट्सची म्हणजे एमएमएची पिंजऱ्यातली लढत, निकाल लागला की ‘मी आधीच सांगितलं होतं’ म्हणणारे डझनभर निघतात. पेण-रोह्याच्या कबड्डी मैदानांबाहेर हे जुनंच आहे आणि त्यात कुणाचं नुकसानही नाही. आता मात्र असेच अंदाज मोबाइलवर ‘पक्की टीप’ म्हणून विकले जातात. त्यामुळे अंदाज चांगला कशाला म्हणायचं, हे समजून घ्यायला हवं.

निकाल उलटा लागला, म्हणजे अंदाज चुकला?

दरवेळी नाही. जानेवारी २०२३ मधली पुण्याची महाराष्ट्र केसरी स्पर्धा आठवा. माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत गायकवाडच्या ‘बाहेरची टांग’ डावाला पंचांनी चार गुण दिले आणि त्यावरून मोठा वाद पेटला. सिकंदर बाहेर पडला, गायकवाड अंतिम फेरीत गेला आणि तिथे शिवराज राक्षेने त्याला हरवून गदा जिंकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुण्याजवळच्या फुलगावात सिकंदरने राक्षेला काही सेकंदांत चीत करून किताब घेतला.

जानेवारीत ‘सिकंदरच जिंकणार’ म्हणणाऱ्याला लोक हसले असतील. पण त्याने मल्लाची ताकद ओळखण्यात फारशी चूक केली नव्हती. एका वादग्रस्त निर्णयाने निकाल फिरला, तर मल्लाविषयीचं मत मुळापासून बदलण्याचं कारण नाही. आणि पंचांचे निर्णय निकाल फिरवू शकतात, ही शक्यता आधीच धरायला हवी होती, एवढा धडा घ्यायलाही हरकत नाही.

एमएमएमध्ये अंदाज इतका अवघड का?

इथे कुस्ती, बॉक्सिंग, किक, गळा आवळणं, सांधा पिळणं असं सगळं एकाच लढतीत चालतं. एक फटका किंवा एक पकड पुरते. शिवाय एक खेळाडू वर्षाला जेमतेम दोन-तीन लढती खेळतो, म्हणजे हाताशी माहिती तोकडी.

लढत शेवटपर्यंत गेली तर तीन पंच गुण देतात. प्रत्येक फेरीत जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला बहुधा ९. जून २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली, तेव्हा एका पंचाने तिला ३०-२७ दिले, दुसऱ्याने २९-२८ आणि तिसऱ्याने चक्क २७-३०. म्हणजे एका पंचाच्या मते तिने तिन्ही फेऱ्या जिंकल्या, तर दुसऱ्याच्या मते तिन्ही हरल्या. पिंजऱ्याला खेटून बसलेल्यांचं हे असेल, तर घरबसल्या ‘शंभर टक्के’ सांगणाऱ्याचं काय?

‘अपराजित’ या शब्दाचं वजन किती?

दिसतं त्याहून कमी. उत्तराखंडचा अंशुल जुबली ऑक्टोबर २०२३ मध्ये अबुधाबीत माइक ब्रीडनसमोर उतरला, तेव्हा तो एकही लढत हरलेला नव्हता. ब्रीडनला यूएफसीत तोवर एकही विजय मिळाला नव्हता. कागदावर निकाल ठरलेलाच. तिसऱ्या फेरीत जुबली नॉकआउट झाला. ब्रीडनचे पराभव यूएफसीच्या दर्जाच्या प्रतिस्पर्ध्यांकडून झाले होते, तर जुबलीचे बरेचसे विजय त्याच्या खालच्या स्तरावरचे होते. अंदाज बांधताना विजय मोजले गेले, पण कुणावर मिळवले ते तपासलं गेलं नाही.

काही निकालांचा अर्थ तर फार उशिरा लागतो. यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय, महाराष्ट्राचा भरत खंडारे, नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला पहिल्याच फेरीत गळफास पकडीत हरला. तेव्हा अनेकांना ती नामुष्की वाटली. समोरचा १९ वर्षांचा पोरगा सोंग यादोंग होता, जो पुढे आपल्या वजनगटातल्या आघाडीच्या खेळाडूंमध्ये जाऊन बसला.

मग अंदाज मोजायचा कसा?

यासाठी हवामान खात्यांच्या कामातून आलेलं साधं गणित आहे. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी ते १९५० मध्ये मांडलं. ‘अमुक जिंकेल’ असं न म्हणता टक्केवारी सांगायची. ७० टक्के म्हणालात आणि तो जिंकला, तर चूक ०.३; तिचा वर्ग ०.०९. हरला तर चूक ०.७, वर्ग ०.४९. अशा सगळ्या लढतींची सरासरी काढायची. आकडा जितका लहान, तितका अंदाज चांगला. प्रत्येक वेळी ५०-५० म्हणणाऱ्याला ०.२५ मिळतात, म्हणजे नाणेफेकीइतकं.

आता गंमत बघा. एकाने दहा लढतींत प्रत्येक वेळी ‘९० टक्के खात्री’ दिली आणि सात बरोबर आले. दहापैकी सात म्हणजे कुणीही शाबासकी देईल. पण हिशेब केला तर सात वेळा ०.०१ आणि तीन वेळा ०.८१, सरासरी बरोबर ०.२५. सगळी हुशारी नाणेफेकीच्या पंगतीत! तेच सात बरोबर असताना त्याने प्रत्येक वेळी ७० टक्के म्हटलं असतं, तर आकडा ०.२१ आला असता. खेळाची जाण तीच होती. फाजील खात्रीने घात केला.

पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यांना हे वेगळ्या शब्दांत ठाऊक आहे. कोणत्या उंचीच्या किती मूर्ती लागतील, याचा अंदाज त्यांना गणेशोत्सवाच्या कितीतरी महिने आधी बांधावा लागतो. चुकला तर उरलेल्या मूर्ती शेडमध्ये समोर उभ्या असतात. तिथे ‘मी आधीच सांगितलं होतं’ चालत नाही. खेळाच्या अंदाजांना अशी शेड नसते, म्हणून ते लढतीआधी तारीख घालून लिहून ठेवावे लागतात: टक्केवारी आणि एका ओळीत कारण. कारण महत्त्वाचं, कारण कधी कधी विजेता बरोबर सांगितलेला असतो पण तो भलत्याच मार्गाने जिंकलेला असतो.

‘पक्की टीप’ देणाऱ्यांचे अंदाज बरोबर कसे येतात?

समजा, ८०० जणांना संदेश गेला. ४०० जणांना ‘लाल जिंकेल’, ४०० जणांना ‘निळा’. ज्यांचं बरोबर आलं त्या ४०० जणांना पुढच्या लढतीला पुन्हा अर्धे-अर्धे. तीन लढतींनंतर १०० जण असे उरतात, ज्यांनी लागोपाठ तीन अचूक टिपा पाहिल्या. चौथ्या टिपेचे पैसे मागायला तेवढे पुरतात. उरलेल्या ७०० जणांचा स्क्रीनशॉट कुणी फिरवत नाही.

कायदा काय म्हणतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांचे बँक व्यवहार यांवर बंदी आणली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्यासाठी मात्र कायद्यात शिक्षा नाही; त्याला फसलेला मानलं आहे. त्याचे गेलेले पैसे परत मिळतीलच, अशी हमी मात्र हा कायदा देत नाही.