आधी का नाही आणलंत?

डॉक्टरसाहेब,

माझ्या वडिलांच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ तुम्ही दुर्बिणीतून काढलीत. दुसऱ्याच दिवशी बाबा वॉर्डाच्या पॅसेजमध्ये भिंतीला धरून चालत होते. तुमच्या हाताबद्दल मला आजही आदर आहे. पुढे आतड्याचा जोड लीक झाला, त्याचाही राग नाही. चांगल्यातल्या चांगल्या सर्जनकडेही काही जोड लीक होतात, हे आता मला कळतं. लागलं ते तुमचं बोलणं. बाबांना परत आणलं तेव्हा कॅज्युअल्टीत, सगळ्यांसमोर, तुम्ही आईला विचारलंत, "आधी का नाही आणलंत?"

आई काही बोलली नाही. म्हणून हे पत्र.

चौथ्या दिवशी घरी सोडताना तुम्ही म्हणाला होतात, "परदेशात तर दोन दिवसांत पाठवतात." खरं आहे. तुम्ही दाखला दिलात, म्हणून मी तो शोधून वाचला. डेन्मार्कचे डॉ. हेन्रिक केलेट यांनी कोपनहेगनजवळच्या ह्विडोव्ह्रे रुग्णालयात ही पद्धत बसवली. 1995 मध्ये त्यांच्या गटाने दुर्बिणीतून आतड्याचं ऑपरेशन झालेल्या वयस्कर रुग्णांना दोन दिवसांत घरी पाठवल्याचं छापलं. पाठीतून वेदनाशामक औषध, लगेच खाणं-पिणं, लगेच चालणं, नळ्या शक्य तितक्या लवकर काढणं. त्यात काही चुकीचं नाही. वॉर्डात पडून राहिल्याने माणूस खंगतो, हे मलाही पटतं. पण पुढे 2000 मध्ये त्यांनीच पोट उघडून केलेल्या 60 ऑपरेशनांचा हिशेब मांडला, त्यात बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सोडलं होतं आणि 15 टक्के रुग्ण परत दाखल झाले होते. त्यांनी ते लपवलं नाही. लवकर सोडलं की काही जण परत येणार, हे धरूनच ती पद्धत चालते. ऑपरेशनच्या आधी रुग्णाला आणि घरच्यांना बसवून समजावणं हा तर तिचा पहिला भाग.

आम्हाला कोणी बसवलं नाही. डिस्चार्जच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलो ते बिलिंग काउंटरसमोर, विम्याच्या टीपीएचं अप्रूव्हल येईपर्यंत. मग हातात इंग्रजी समरी आली: कंडिशन स्टेबल, सॉफ्ट डाएट, सात दिवसांनी रिव्ह्यू. दुधात कुस्करलेली भाकरी चालेल का, एवढंच आईला विचारायचं होतं. सिस्टर म्हणाल्या, डॉक्टरांना विचारा. डॉक्टर ओटीत. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात घ्यायची इंजेक्शनं महिन्याभराची लिहून दिली होती; माणदेशातल्या आमच्या गावात ती टोचणार कोण, हे कोणाच्या मनातही आलं नाही. (शेवटी शेजारच्या कंपाउंडरने टोचली, पैसे न घेता.)

जोड लीक होण्याची लक्षणं बहुधा पाचव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागतात, कधी त्याहून उशिरा. पूर्वी पेशंट आठवडा-दहा दिवस दवाखान्यात असायचा, तेव्हा हे सिस्टरांच्या डोळ्यांदेखत व्हायचं. आता ते आमच्या माजघरात होतं. वॉर्डाची राखण तुम्ही माझ्या आईच्या गळ्यात घातलीत, आणि राखायचं काय ते सांगितलं नाहीत. नाडी शंभराच्या वर राहिली, पोट फुगलं, उचक्या थांबेनात, ताप बारीक असला तरी उतरेना, तर थांबू नका, एवढ्या चार ओळी मराठीत लिहून देता आल्या नसत्या?

आणि आम्ही गप्प बसलो नव्हतो. उचक्या सुरू झाल्या तेव्हा मी समरीवरच्या नंबरावर फोन केला. ज्यांनी उचलला त्यांना बाबांचं कोणतं ऑपरेशन झालंय हेच माहीत नव्हतं. "गॅस असेल, चालवा त्यांना." बाबा शाळामास्तर, डॉक्टरचा शब्द मोडायचा नाही म्हणून पोट धरून अंगणात चालले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर, माणूस वेगळा. गावच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि चहासुद्धा न घेता सांगितलं, आत्ता गाडी करा.

मग पोट उघडावं लागलं, बाबांच्या कमरेला शौचाची पिशवी आली. हे सगळं होऊन दोष कोणाचा, तर माझ्या आईचा? आजही ती रात्री उठून विचारते, खरंच आपण उशीर केला का गं? तुमच्या त्या वाक्याचं उत्तर ती एकटी शोधते आहे. ते द्यायचं होतं तुमच्या फोनवरच्या माणसांनी.

काही महिन्यांनी पिशवी बंद करण्याचं ऑपरेशन आहे. बाबांचा हट्ट आहे की ते तुमच्याच हातून व्हावं, आणि मी त्यांना घेऊन येणार आहे. पुन्हा लवकर घरी सोडलंत तरी माझी ना नाही. पण त्या दिवशी आईसाठी मराठीत लिहिलेला कागद, रात्री फोन उचलणाऱ्या जाणत्या माणसाचा नंबर, आणि घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून एक फोन, एवढं ठरल्याशिवाय मी सही करणार नाही. ओपीडीत तुमच्यासमोर दोन-तीन मिनिटं मिळतात, त्यात हे सांगून होत नाही, म्हणून आधीच कळवते आहे.

तुमच्या एका पेशंटची मुलगी