पाऊस कुणाच्या घरात पडतो?

गेल्या वर्षी उपनगरातल्या एका कथास्पर्धेची हस्तलिखिते परीक्षणासाठी माझ्याकडे आली. एकूण चौतीस. मुलीने गंमत म्हणून मोजदाद केली, तर एकोणीस कथांत नायक-नायिका जवळ येतात नेमका तेव्हाच पाऊस सुरू होतो आणि अकरांत दिवेही जातात. "आई, विजेच्या खात्याचे प्रेमावर फार उपकार आहेत," ती म्हणाली.

हसण्यावारी नेले, पण प्रश्न मनात राहिला. आपल्या कथेला हवामानाची ओढ आहेच. जी. एं.च्या संग्रहांची नावेच पाहा : 'काजळमाया', 'सांजशकुन', 'पिंगळावेळ'. पात्र भेटण्याआधी उजेड-अंधार भेटतो. मात्र पुष्कळदा कथेतला पाऊस म्हणजे निव्वळ पडदा असतो. बाईला इच्छा असते हे घरात वाचल्या जाणाऱ्या पानावर कसे लिहायचे, म्हणून मग वीज कडाडते, खिडकी आपटते, आणि पुढच्या परिच्छेदात सकाळ झालेली असते. सिनेमातल्या दोन फुलांसारखेच हे.

पूर्वी असे नव्हते. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त, म्हणजे आपल्याच महाराष्ट्री प्राकृतात, सुमारे सातशे गाथा आहेत. दोन ओळींची एकेक कथाच. त्यांतल्या प्रवाशाच्या बायकोला ढग सुंदर वाटतो की नाही हा प्रश्नच नसतो. पावसाळ्यात वाटा बंद होतात, त्याआधी नवरा परतायला हवा. ढग हे तिचे घड्याळ असते. जुन्या तमिळ कवींनी तर भूप्रदेशच वाटून दिले होते : डोंगर मीलनाचा, पावसाळी रान धीराने वाट पाहण्याचे आणि समुद्रकिनारा विरहाच्या तळमळीचा.

परदेशातले एक उदाहरण द्यायचा मोह होतो. केट शोपँ या अमेरिकन लेखिकेने १८९८ साली 'वादळ' नावाची छोटी कथा लिहिली. तिच्यात पावसाला काम आहे. त्याच्यामुळे नवरा आणि मुलगा दुकानात अडकतात, त्याच्यामुळे जुना प्रियकर आडोशाला येतो. वादळ जाते, नवरा बायकोला आवडणाऱ्या कोळंबीचा डबा घेऊन घरी येतो, आणि सगळे आनंदाने जेवतात! शिक्षा कुणालाच नाही. शोपँ १९०४ मध्ये वारली; कथा छापली गेली १९६९ साली. पडदा बाजूला सारला तर काय होते ते यावरून कळावे.

आता त्या चौतीस कथांतल्या एकीविषयी. ती आमच्या वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून आली होती. अक्षर वळणदार, शुद्धलेखन यथातथाच. कथेतला काळ बंदीचा, म्हणजे १ जून ते ३१ जुलै. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, नवरा दोन महिने घरी. आवक नाही, सोने गहाण पडलेले. तरी बाई सुखात आहे. जाळे विणता विणता तो तिच्याकडे बघतो, आणि ती सुके बोंबील भाजताना उगीच पदर सारखा करते. एवढेच. वीजबीज काही नाही. शेवटी नारळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री पाऊस ओसरतो, तेव्हा ती अंथरुणात पडून मनाशी म्हणते, आणखी आठ दिवस पडला असता तर!

परीक्षक आम्ही तिघे. एक जण म्हणाले, "हे अस्वाभाविक आहे. कोळी माणूस समुद्र शांत व्हायची वाट बघतो. पाऊस लांबला तर खाणार काय?" दुसऱ्या बाईंना पदराचा उल्लेख खटकला, कारण कथा अंकात छापली जाणार होती आणि अंक घरोघरी जाणार होता. मला त्या वेळी सांगता आले असते की कथेचा सगळा जीव तिथेच आहे. पोट एक मागते आणि देह दुसरे, आणि दोघांमध्ये एकच पाऊस. गाथेतल्या बाईचेच घड्याळ हे, फक्त काटे उलटे फिरणारे. नवरा घरी येतो पावसाने, जातो उघडिपीने. हा पाऊस शोभेचा नव्हता, त्या घरातला तो तिसरा माणूस होता. पण वेळ झाला होता, चहा आला होता, आणि मी मान डोलावली. बक्षीस दिवे गेलेल्या अकरांपैकी एकीला मिळाले.

परवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मढला जायच्या तरीसाठी धक्क्यावर उभी होते. शेजारी होड्यांवरची प्लॅस्टिके उतरवून घड्या घालणे चालले होते. पुरुषांचा नुसता गलबला. दोन बायका बर्फाच्या पेट्या धुवीत होत्या, त्यांतली एक मधूनच आभाळाकडे बघे. कथा तिनेच लिहिली असे थोडेच आहे? तरी मी तरीत चढायची विसरले.

हस्तलिखित परत पाठवण्यापूर्वी मी त्याची झेरॉक्स काढून ठेवली होती. वर पत्ता आहे. परीक्षकांनी स्पर्धकांशी पत्रव्यवहार करू नये असा नियम होता. आता स्पर्धा संपून वर्ष झाले. आज दुपारी पत्र लिहायला बसणार आहे.