रास मेष, देव ओगुन? : उसनवारी आणि विस्मरण

१. 'तुमची रास कोणती, त्यावरून तुमचा ओरिशा ओळखा' असे तक्ते हल्ली सर्रास पाहायला मिळतात. मेषेला ओगुन, कर्केला येमोजा, तुळेला ओशुन. त्या देवतेच्या रंगाचे मणी धारण करा, मन समतोल राहील, असे आश्वासनही सोबत असते. मित्रहो, या जोडणीकडे आज इतिहासाच्या नजरेने पाहू.

२. ओरिशा म्हणजे योरुबा लोकांच्या देवता. योरुबांची मूळ भूमी आजच्या नैर्ऋत्य नायजेरियात आणि शेजारच्या बेनिनमध्ये. ओगुन लोखंडाचा, म्हणून लोहाराचा, शिकाऱ्याचा आणि आज वाहनचालकाचाही देव. ओशुन ही ओशोग्बो नगराजवळून प्रत्यक्ष वाहणारी नदी. शांगो मेघगर्जनेचा स्वामी. परंपरा त्याला ओयोचा राजा मानते.

३. बारा राशींचे चक्र मात्र बॅबिलोनचे. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात तेथे सूर्यमार्गाचे बारा समान भाग केले गेले. योरुबांचे कालमापन निराळे होते. त्यांचा पारंपरिक आठवडा चार दिवसांचा आणि प्रत्येक दिवस देवतांना वाहिलेला.

४. मग माणसाचा ओरिशा ठरतो कसा? कधी कुळपरंपरेने, कधी कौल लावून. 'इफा' या पद्धतीत बाबालावो, म्हणजे विद्यावंत पुरोहित, १६ ताडबिया हाताळून २५६ 'ओदूं'पैकी एक काढतो आणि त्या ओदूतील मुखोद्गत पदे म्हणतो. ही विद्या आत्मसात करण्यात वर्षानुवर्षे जातात. २००८ मध्ये युनेस्कोने तिचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. जन्मतारखेवरून ओरिशा ठरवणे या परंपरेत बसत नाही.

५. तक्त्यातील जोड्या जुळतात त्या तिसऱ्याच्या मध्यस्थीने. मेषेचा स्वामी मंगळ. रोमनांचा मंगळ युद्धदेव. ओगुनच्या हाती शस्त्र. म्हणून मेषेला ओगुन. तुळेचा स्वामी शुक्र, म्हणून ओशुन. म्हणजे आफ्रिकी देवतेची ओळख रोमन देवतेच्या मापाने होते. त्या मापात शस्त्र बसते. लोहाराची भट्टी बाहेर राहते.

६. यावर एक रास्त आक्षेप आहे : ओरिशांची सरमिसळ तर शतकांपूर्वीच झाली! खरे आहे. ओयोचे साम्राज्य ढासळू लागले, तसे एकोणिसाव्या शतकात असंख्य योरुबा गुलाम म्हणून क्युबा आणि ब्राझीलमध्ये नेले गेले. गुलामगिरी क्युबात १८८६ मध्ये आणि ब्राझीलमध्ये १८८८ मध्ये संपली. तोवर बाप्तिस्मा घेतलेल्या या लोकांनी ख्रिस्ती संतांत आपले देव पाहिले होते. संत बार्बराच्या मारेकरी पित्यावर वीज कोसळली, अशी कथा आहे. म्हणून क्युबात शांगो तिच्याशी जोडला गेला.

७. पण येमोजाकडे पाहा. योरुबाभूमीत ती नदीची देवता. क्युबा आणि ब्राझीलमध्ये ती समुद्राची माता झाली. ज्या लोकांना साखळदंडांत जखडून समुद्रापार नेले, त्यांनी आपल्या नदीला समुद्राएवढे केले! 'कर्क ही जलराशी, म्हणून येमोजा' एवढ्या ओळीत हा प्रवास कुठे उरतो?

८. सरमिसळीविषयी खुद्द उपासकांतही मतभेद आहेत. १९८३ मध्ये ब्राझीलच्या साल्वादोर शहरात स्तेला द ओशोसी यांच्यासह काही ज्येष्ठ धर्ममातांनी जाहीर केले की ओरिशांना आता संतांच्या आडोशाची गरज नाही. जो आडोसा सक्तीच्या काळात उपयोगी पडला, तो पुढे ओझे होऊ शकतो. मग ज्याची कोणी सक्तीही केली नाही, असा नवा आडोसा कशासाठी?

९. आपल्याला शुद्धतेची प्रौढी मिरवता येणार नाही. आपल्या राशीही ग्रीकांमार्फत आल्या. सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहज्जातका'त क्रिय, ताबुरि, जितुम ही राशिनामे दिली. ती मूळ ग्रीकच. 'होरा' आणि 'केंद्र' हे शब्दही तिकडचेच. पण त्याने हे ऋण लपवले नाही. 'बृहत्संहिते'त या शास्त्रातील यवनांचा ऋषींप्रमाणे गौरव झालेला आहे. उसने घेणे हा दोष नव्हे. कोणाकडून घेतले हे विसरणे हा दोष.

१०. राहिला समतोल. योरुबा विचारात प्रत्येकाचे 'ओरी', म्हणजे अंतःशीर्ष, जन्मापूर्वी आपले भागधेय निवडते. ते फळाला येते सौम्य शीलाने, अर्पणाने, पूर्वजांच्या आणि समाजाच्या साथीने. हा समतोल एकट्याने मणी घालून साधत नाही.

११. म्हणून माझे मत असे : मेषेला ओगुन जोडायचाच असेल तर खुशाल जोडा, पण ती जोड आजची आहे हे मान्य करा. तिला 'प्राचीन आफ्रिकी ज्ञान' म्हणू नका. आणि येमोजाचे नाव घ्याल तेव्हा तिची नदी आठवा, आणि तो समुद्रही.