पडद्याआडील शिष्टाई

युद्ध थांबल्याची वार्ता येते तेव्हां वर्तमानपत्रांत सह्या करणाऱ्या सेनापतींचीं छायाचित्रें झळकतात. ज्यांनीं महिनेच्या महिने या पक्षाचा शब्द त्या पक्षाच्या कानीं घातला, त्यांची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं. कोरियाच्या युद्धांत तसेंच झालें. आणि त्या मध्यस्थांत आपले लोक होते, म्हणून ही हकीकत घरांतील मुलांस ठाऊक असावी.

सन १९५० च्या जूनमध्यें हें युद्ध पेटलें. पेकिंगच्या साम्यवादी सरकारास अमेरिकेची मान्यता नव्हती, त्यामुळें तेथें तिचा राजदूतहि नव्हता. हिंदुस्थानचे होते, सरदार पणिक्कर. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीं चीनचे प्रधानमंत्री चाउ एन-लाय यांनीं त्यांस बोलावून स्पष्ट सांगितलें कीं, अमेरिकन सैन्य अडतिसावा अक्षांश ओलांडून उत्तरेस आलें तर चीन स्वस्थ बसणार नाहीं. पणिक्करांनीं तो निरोप दिल्लीस कळविला, दिल्लीनें पुढें पोंचविला. वॉशिंग्टनला मात्र निरोप्याच चीनकडे कललेला वाटला, म्हणून निरोपहि बाजूस सारण्यांत आला. तीन आठवडे होतात न होतात तोंच चिनी फौजा यालू नदी उतरूं लागल्या. एकत्र कुटुंबांतील वाचकांस हा प्रकार अगदींच अपरिचित नसेल. काकू आवडत नाहीं म्हणून तिनें आणलेला निरोपहि खोटा!

१९५१ च्या जुलैंत तहाचीं बोलणीं सुरू झालीं व पुढें तीं पानमुनजोम येथें चाललीं. बाकीचे मुद्दे मिटत आले, पण गाडें अडलें तें युद्धकैद्यांपाशीं. १९४९ च्या जिनीव्हा कराराचें ११८ वें कलम सांगतें कीं, लढाई संपतांच कैद्यांस विनाविलंब मायदेशीं धाडावें. चीन व उत्तर कोरिया यांनीं तें कलम घट्ट धरलें. परंतु दक्षिणेकडील छावण्यांतले हजारों कैदी परत जावयास तयार नव्हते, आणि त्यांस बळानें धाडणें अमेरिकेस मान्य नव्हतें. एकाचा आधार शास्त्राचा, दुसऱ्याचा दयेचा. तथापि जगापुढें आपली शोभा राखण्याची ओढ दोघांसहि होतीच. या एका कलमापायीं वर्षाहून अधिक काळ तोफा धडधडत राहिल्या व माणसें मरत राहिलीं.

१९५२ च्या नोव्हेंबरांत कृष्ण मेनन यांनीं संयुक्त राष्ट्रसंघांत एक मसुदा मांडला. इंग्लंडचे ईडन, कॅनडाचे पिअरसन यांच्याशीं त्यांचीं खलबतें चालूंच होतीं. मसुद्यांतील खुबी अशी: कैद्यांस परत धाडण्यासाठीं बळ वापरूं नये, आणि परत जाण्यापासून अडविण्यासाठींहि वापरूं नये, तोंवर त्यांस तटस्थ राष्ट्रांच्या मंडळाकडे सोंपवावें. जिनीव्हा करारहि राहिला आणि सक्तीहि टळली. संधि करतांना दोन वर्ण आपलें रूप थोडें थोडें सोडतात, हें मी वर्षानुवर्षें मुलांस शिकविलें. राज्याराज्यांच्या संधींत तेवढें सोडावयास लावणें किती दुर्घट, तें येथें दिसतें.

याचें फळ मेनन यांस काय मिळालें? अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अ‍ॅचिसन नाराज. रशियाचे विशिन्स्की तर भर सभेंत तुटून पडले. ३ डिसेंबरला ठराव ५४ विरुद्ध ५ मतांनीं मंजूर झाला, आणि पेकिंगनें तो झिडकारला.

५ मार्च १९५३ रोजीं स्टॅलिन वारला. त्याच महिन्याच्या ३० तारखेस चाउ एन-लाय यांनीं कबूल केलें कीं, परत न जाणारे कैदी तटस्थांच्या हातीं द्यावे. ८ जूनला कैद्यांविषयीं करार झाला व त्याचा सांगाडा बव्हंशीं मेनन यांच्या ठरावाचाच होता. स्टॅलिन जगता तर काय होतें, याविषयीं तर्क व्यर्थ. पण मन वळलें त्या वेळीं शब्द तयार होते, एवढें खरें. २७ जुलैला शस्त्रसंधि झाला. तह मात्र अद्याप झालेला नाहीं.

तटस्थ मंडळाचें अध्यक्षपद हिंदुस्थानचे जनरल थिमय्या यांजकडे आलें. बावीस हजारांहून अधिक कैद्यांचा पहारा आपल्या कोल्हापूरकडील मेजर जनरल थोरात यांच्या फौजेकडे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनीं जूनमध्येंच सुमारें सत्तावीस हजार कैदी परभारें सोडून देऊन करार मोडूं पाहिला होता. आतां त्यांनीं आपल्या भूमीवर हिंदी शिपायाचें पाऊल पडूं देणार नाहीं असा हट्ट धरला. तेव्हां आमच्या शिपायांस जहाजांवरूनच हेलिकॉप्टरांतून उचलून निर्लष्करी पट्ट्यांत उतरवावें लागलें. तेथें कांहीं कैद्यांनीं त्यांचें स्वागत दगडांनीं केलें.