म्हातारी म्हणजे महत्तरा

सुशिक्षित मराठी घरांतून एक शब्द हल्ली हद्दपार झाला आहे. उच्चारला गेलाच, तर आवाज खाली आणून, नाहीतर त्रासून. 'म्हातारी' हा तो शब्द. त्याला असभ्य ठरवून त्याच्या जागी 'ज्येष्ठ नागरिक' हे सरकारी नाव बसविण्यात आले. बँकेच्या अर्जापासून व्याख्यानमालेच्या राखीव खुर्च्यांपर्यंत ते सर्वत्र दिसते. शब्द सौम्य केला की मान दिला गेला, अशी समजूत या बदलामागे आहे. ज्या शब्दाला घराबाहेर काढले, त्यात जो मान होता तो या नव्या नावात औषधालाही नाही.

'म्हातारा' हा संस्कृत 'महत्तर' या शब्दाचा मराठी अवतार आहे. महत् म्हणजे मोठा. महत्तर म्हणजे त्याहून मोठा. पडलेले दात, वाकलेली पाठ, दुसऱ्यावरचे ओझे यांचा त्या शब्दात मागमूसही नाही. 'वृद्ध' हा शब्दही 'वृध्', म्हणजे वाढणे, या धातूचाच. झिजलेल्या माणसाला वाढलेला म्हणणारी ही भाषा आहे. गुप्तकाळातील दामोदरपूरच्या ताम्रपटांत गावातील जमिनीच्या व्यवहारात महत्तरांचा सहभाग नोंदलेला आहे. राष्ट्रकूटांच्या दानपत्रांत ज्यांना दानाची वार्ता कळवायची, त्या राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट यांच्या मालिकेत महत्तरही येतात. कोकणातील 'म्हात्रे' या आडनावाचा संबंधही याच शब्दाशी जोडला जातो.

हे सारे महत्तर पुरुष होते, यात स्त्रीचा मान कुठला, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर जैन परंपरेत सापडते. आठव्या शतकातील थोर पंडित हरिभद्रसूरी हे मूळचे चित्तोडचे ब्राह्मण. ज्याचे वचन आपल्याला उमगणार नाही त्याचे शिष्यत्व पत्करायचे, अशी त्यांची प्रतिज्ञा असल्याचे परंपरा सांगते. एके दिवशी याकिनी नावाच्या एका साध्वीच्या मुखातून त्यांनी एक गाथा ऐकली आणि तिचा अर्थ त्यांना लागेना. प्रतिज्ञेप्रमाणे ते तिच्यापुढे नम्र झाले. तिने त्यांना आपल्या गुरूंकडे पाठविले. पुढे अनेक ग्रंथ लिहिणाऱ्या या आचार्यांनी स्वतःची ओळख जन्मभर कशी सांगितली? 'याकिनीमहत्तरासूनु', याकिनी महत्तरेचा पुत्र! 'महत्तरा' ही साध्वीसंघातील ज्येष्ठतेची पदवी होती. तिचा पुत्र म्हणवून घेण्यात त्या काळच्या एका अग्रगण्य विद्वानाला भूषण वाटले. आजच्या पदवीधर मुलाला आईची ओळख मित्रांना करून देताना अवघडल्यासारखे होते.

इंग्रजीत म्हाताऱ्या स्त्रीला हिणवून 'क्रोन' म्हणतात. त्या शब्दाचे मूळ सडक्या प्रेतमांसाच्या फ्रेंच नावाशी जाऊन पोहोचते. दोन भाषांची ही तुलना वाचून छाती फुगविण्याचा मोह होईल, परंतु तो आवरलेला बरा. शब्द थोर ठेवून त्याच्या मालकिणीला क्षुद्र करण्याचे काम कोणा परक्याने केलेले नाही. 'म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो' ही म्हण अस्सल मराठी आहे. हळदीकुंकवाच्या दिवशी विधवा सासूला माजघरात बसविणारे हातही मराठीच होते. त्याच मराठी मुलखाने भोपळ्यात बसून वाघाला चकविणारी म्हातारी नातवंडांना सांगितली, हेही खरे. गोष्टीत तिची अक्कल चालते; घरात तिला विचारतो कोण?

थोरवी वयाने येते, सौभाग्याने नव्हे, हे महाराष्ट्राला ठाऊक नव्हते असे नाही. १६६४ मध्ये शहाजीराजे गेले. दोनच वर्षांनी शिवाजी महाराज आग्र्याला निघाले, तेव्हा राज्याची देखरेख त्यांनी कोणावर सोपविली? साठी ओलांडलेल्या, वैधव्य आलेल्या जिजाऊंवर. तेथे आऊसाहेबांच्या शब्दाला वजन होते. त्या कोणत्याही सवलतीच्या धनी नव्हत्या.

'ज्येष्ठ नागरिक' या नावाची सारी मिळकत मात्र सवलतीची आहे, आणि सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. रेल्वे भाड्यात ५८ वर्षांवरील स्त्रियांना निम्मी सूट होती. मार्च २०२० मध्ये ती थांबली. घरातही तोच न्याय. नातीचे लग्न ठरल्याची बातमी आजीला पाहुण्यांबरोबर कळते. दोन मुलांत महिने वाटून घेतलेली आई प्रत्येक पहिल्या तारखेला पिशवी भरते. तिची आठवण अगत्याने होते ती एकाच दिवशी, घराच्या कागदावर सही हवी असते त्या दिवशी.

२०११ च्या जनगणनेत साठीपुढील स्त्रियांची संख्या ५ कोटींहून अधिक होती, पुरुषांपेक्षा जास्त. आई-वडिलांना सोडून देणे हा २००७ च्या कायद्याने गुन्हा ठरला. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. श्रावणबाळाच्या देशात हे कलम लिहावे लागले! महाराष्ट्र शासनाची वृद्धांसाठीची निवृत्तिवेतन योजनाही श्रावणबाळाच्याच नावाने चालते. घरचा श्रावणबाळ बेपत्ता झाला, म्हणून शासनाने ते नाव उचलले.

त्याच कायद्याचे २३ वे कलम घरोघरी मोठ्याने वाचले जावे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केले आणि त्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करवून घेता येते. ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट शब्दांत लिहिलेली असावी. 'आईचा माझ्यावर विश्वास नाही का?' असे मुलगा विचारील. नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्या चढताना त्या महत्तरेने हा प्रश्न ऐकून घ्यावा, आणि अट लिहिली गेल्यावरच सही करावी.