श्रेणीपुरते आरोग्य

महाराष्ट्रात अकरावी-बारावीला ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ हा विषय सक्तीचा आहे. विद्यार्थी विज्ञान शाखेचा असो, कलेचा असो वा वाणिज्याचा, या विषयातून त्याची सुटका नाही. 2019 पासून आलेल्या नव्या अभ्यासक्रमात ‘बालभारती’ने त्याचे पाठ्यपुस्तकही काढले. मात्र या विषयाला गुण नाहीत, श्रेणी आहे. आणि ती महाविद्यालयाने आपल्याच स्तरावर द्यायची आहे. ज्या श्रेणीवाचून कोणाचा प्रवेश अडत नाही, तिच्यासाठी मैदानावर उतरणार कोण? विषय वेळापत्रकात राहतो आणि मैदानावरून नाहीसा होतो. त्याचे खापर शिक्षकांच्या आळसावर फोडणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. शासनाने विषय सक्तीचा केला आणि त्यासाठी लागणारा शिक्षक, मैदान व आहार यांची जबाबदारी मात्र ऐच्छिक ठेवली, हे खरे दुखणे आहे.

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्यात, नागपूर-हैदराबाद महामार्गावर वडनेर हे गाव आहे. भोवती कापूस, तूर आणि सोयाबीनचा मुलूख. अशा गावांच्या परिसरातील मुलीचे शिक्षण एस.टी.च्या वेळापत्रकाशी बांधलेले असते. बारावीपर्यंतच्या मुलींना एस.टी.चा प्रवास मोफत आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु बस चुकली तर पास हातात असूनही घर दूरच राहते. खेळाचा तास दिवसाच्या अखेरीस ठेवला, की तो अशा मुलींच्या वाट्याला येत नाही. कापूसवेचणीच्या दिवसांत तर संपूर्ण शाळाच त्यांच्या वाट्याला येत नाही.

यावर शहरी सुशिक्षितांचा एक ठरलेला युक्तिवाद असतो: खेड्यातील मुले शेतात राबतात, त्यांना आणखी व्यायाम कशाला? या युक्तिवादात अज्ञान आहे, आणि वर्गीय बेफिकिरीही आहे. वेचणी करताना दिवसभर वाकून राहणारी पाठ दमते. ती कमावली जात नाही. व्यायामात श्रमाला विश्रांतीची, प्रमाणाची आणि आहाराची जोड असते. मजुरीत श्रमाचे माप शरीराची गरज ठरवीत नाही, वेचलेल्या कापसाचे वजन ठरविते. श्रमिकाच्या मुलाला खेळ अनावश्यक मानणे म्हणजे त्याच्या शरीराचा एकच उपयोग मान्य करणे होय.

आता शासनाच्या दुटप्पीपणाचा नमुना पाहावा. पोलीस शिपायांच्या भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. शिवाय 100 मीटर धावणे व गोळाफेक असते. खेडोपाडीची तरुण मुले त्यासाठी पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावतात. ज्यांच्या घरी थोडा पैसा आहे, ती खाजगी अकादमीची फी भरतात. म्हणजे नोकरी देताना शासन सेकंदकाटा हातात घेऊन शरीराची परीक्षा घेते, आणि तेच शरीर घडविण्याच्या दोन वर्षांत श्रेणीचा शिक्का मारून मोकळे होते. राहिलेली जागा बाजारपेठ भरून काढते.

आहाराची कथा याहून वाईट आहे. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. त्यानंतर वाढीच्या ऐन वयातील मुलांची भूक शासनाच्या हिशेबातून गळते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी होत्या. देशात 15 ते 19 वर्षांच्या मुलींमध्ये हे प्रमाण 59.1 टक्के होते. वर्गात बसलेल्या दहा मुलींपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयी असताना, त्यांना समतोल आहारावर धडा शिकवायचा आणि वहीत तक्ता काढून घ्यायचा, याला शिक्षण म्हणावे की थट्टा? शालेय आहारात अंडे देण्याचा निर्णय महाराष्ट्राने 2023 मध्ये घेतला आणि 2025 च्या जानेवारीत त्याचा निधी काढून घेतला. तामिळनाडूत मात्र शालेय भोजन दहावीपर्यंत पोहोचते. तेव्हा सबब केवळ पैशाची नाही. तो पैसा कोणासाठी काढायचा, हा प्रश्न आहे.

विषयाच्या मांडणीतही हीच दृष्टी आहे. आरोग्य म्हणजे व्यक्तीची चांगली सवय, असे गृहीत धरले की रोगाचा दोष आपोआप रोग्याच्या माथी जातो. सोळा-सतरा वर्षांच्या विदर्भातील मुलांना सिकलसेलविषयी नेमके ज्ञान हवे. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे लग्नापूर्वी कळले पाहिजे, आणि त्यासाठी साधी रक्ततपासणी गावातच झाली पाहिजे. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीचे शास्त्र, मजुराचा संरक्षक साधनांवरील हक्क आणि विक्रेत्या कंपनीचे दायित्व, हा कापूसपट्ट्यातील आरोग्यशिक्षणाचा पहिला पाठ असावयास हवा.

हे दिवास्वप्न नव्हे. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा तयार केला. त्यात शरीरशास्त्र, आरोग्य आणि शारीरिक संवर्धन हे सामान्य विज्ञानाचे भाग मानले होते. 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेथील प्रथम वर्षाचे विद्यार्थी शिबिरासाठी खेड्यात राहतात आणि नेमून दिलेल्या कुटुंबांचे आरोग्य अभ्यासतात. भावी डॉक्टरला जे खेडे शिकविते, ते त्याच खेड्यातील अकरावीच्या मुलाला का शिकविणार नाही?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाला प्रशिक्षित व नियमित वेतनावरील शारीरिक शिक्षक मिळावा. लहान महाविद्यालयांनी तो मिळून वापरावा, पण तासिकेवर राबविलेला कंत्राटी माणूस नको. खेळाचा तास दिवसाच्या मध्यावर, एस.टी. सुटण्याच्या बऱ्याच आधी असावा. शालेय आहार बारावीपर्यंत न्यावा. श्रेणी द्यायचीच, तर ती विद्यार्थ्यांनी गावात केलेल्या पाणी, रक्तक्षय आणि फवारणीच्या पाहणीवर द्यावी. आणि ती पाहणी ग्रामसभेपुढे ठेवावी.

पोषणमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे संविधानाच्या 47 व्या अनुच्छेदाने राज्याचे कर्तव्य ठरविले आहे. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील कनिष्ठ महाविद्यालयांत जाऊन तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: शारीरिक शिक्षक आहे का, मैदान आहे का, आणि मुली त्या तासाला हजर असतात का. मिळालेली उत्तरे लिहून काढून ती पंचायत समितीपुढे, शिक्षणाधिकाऱ्यापुढे आणि आमदारापुढे मांडावीत. बारावीच्या गुणपत्रिकेवर श्रेणी छापणाऱ्या शासनाला त्या श्रेणीचा हिशेब प्रत्येक तालुक्यातून मागितला गेला पाहिजे.